बोल्टखालचा हिरवा रंग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कोणी विचारलं तर मी शाळेतल्या प्रयोगशाळेच्या मामांचं नाव घेतो. नाव म्हणजे ‘मामा’ एवढंच. परभणीकडच्या आमच्या तालुक्याच्या गावात शाळेच्या शिपायांना सगळी मुलं मामाच म्हणत. हे मामा प्रयोगशाळेचे. स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. परीक्षानळ्या धुणं, कपाटं लावणं, तासाआधी टेबलावर सामान मांडणं आणि तास संपल्यावर मोजून परत ठेवणं, हे त्यांचं काम. शिकवणं त्यांच्या कामात नव्हतं.

माझे वडील बाजार समितीत हमाली करत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी पुढे भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, त्याला शिक्षक कारण आहेतच, पण त्याची सुरुवात एका खोट्या वाक्याने झाली आणि ते मामांनी पकडलं.

नववीत तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करायचा प्रयोग होता. वेटोळ्याची दोन टोकं मापकाला जोडायची, चुंबक हलवला की मापकाचा काटा हलतो. आमचा काटा हलला नाही. पुस्तकात काय होणार ते लिहिलेलं होतं, म्हणून मी प्रयोगवहीत लिहिलं, ‘काटा प्रथम उजवीकडे व नंतर डावीकडे वळला.’ सरांनी सही केली. सगळे गेल्यावर मामा सामान गोळा करत माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी तारेची टोकं बोटांत धरून बघितली.

“हलला का काटा?”

मी हो म्हणालो.

“तार खरवडलीच नाहीस. कसा हलंल?”

तांब्याच्या त्या तारेवर चकचकीत लाखेचा थर असतो. तो तांब्याच्याच रंगाचा दिसतो, पण वीज जाऊ देत नाही. मामांनी मला बसवून घेतलं, काचकागदाचा तुकडा दिला आणि दोन्ही टोकं घासायला लावली. काटा हलला. मग मी वहीतलं वाक्य खोडून तेच वाक्य पुन्हा लिहिलं. मामा सरांना काही बोलले नाहीत. मलाही पुढे कधी काही बोलले नाहीत. दहावीपर्यंत रविवारी मात्र ते मला प्रयोगशाळा उघडून द्यायचे आणि स्वतः दाराशी बसून राहायचे.

आता मी मुलुंडला एका शिक्षणसंस्थेच्या मैदानावर देखभालीचं काम बघतो. त्याआधी काही वर्षं चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत विजेचे पॅनेल जोडत होतो. राहायला कांजूरमार्गला. मैदानावरचे पंप, सभागृहाची वायरिंग, जनरेटर आणि गवत कापायचं यंत्र माझ्याकडे आहे. माझ्या हाताखाली कुणी नाही, पण हुद्दा पर्यवेक्षकाचा असल्यामुळे सगळे साहेब म्हणतात.

हे गवत कापायचं यंत्र म्हणजे बसून चालवायची लहानशी गाडी. सीट, सुकाणू, पोटाखाली फिरणारी पाती. संस्थेने ती फार पूर्वी कुठून तरी जुनीच आणली होती. मैदानावर तिला सगळे म्हातारी म्हणतात. ती चालवणारे काका मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. गिरण्या बंद झाल्यावर काकांनी रिक्षा चालवली, इमारतींवर पहारे केले आणि शेवटी या मैदानावर आले. त्यांची नेमणूक वर्षावर्षाच्या करारावर आणि ती ‘यंत्रचालक’ म्हणून. यंत्र नसेल तर चालकाची जागाही नाही, हे त्यांना माहीत होतं, मलाही. त्या वर्षी ते छप्पन वर्षांचे होते.

खंडेनवमीला मैदानावर अवजारांची पूजा होते. फावडी, कात्र्या, पंप, रोलर, सगळ्यांना गंध आणि झेंडूची माळ. मी त्या आणि दसऱ्याच्या दिवशी रजेवर असतो. दसरा आमच्या घरी धम्मदीक्षेचा दिवस. आम्ही आदल्या दिवशी गावाकडून आलेल्या लोकांची सोय बघतो आणि दसऱ्याला विहारात जातो. त्याबद्दल मैदानावर कधी कुणी काही बोललं नाही. मी परत आलो की काका माझ्या टेबलावर कागदात बांधलेले पेढे ठेवतात. पूजेचे आहेत असं सांगत नाहीत. मी विचारत नाही आणि खातो.

त्या वर्षी मी परत आलो तेव्हा म्हातारी ओळखू येत नव्हती. काकांनी पूजेसाठी तिला धुऊन, घासून हिरवा ऑइलपेंट लावला होता. सुकाणूला माळ होती. रंगाला कुठे ओघळ नाही, ब्रशची रेघ नाही. मी म्हणालो, काका, शोरूममधून आणल्यासारखी दिसते. काकांनी मान हलवली, पण त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी मला यंत्राच्या मागच्या बाजूलाही नेऊन दाखवलं.

त्या सकाळी ती तिसऱ्या खेपेला सुरू झाली. दुसऱ्या दिवशी झालीच नाही. किल्ली फिरवली की सीटखालून ‘टक’ असा आवाज, कधी तीनचार वेळा टकटक, आणि शांतता. पावसाळ्यानंतर गवत घोट्याच्या वर आलं होतं आणि दिवाळीनंतर शाळांचे सामने सुरू व्हायचे होते.

असं यंत्र सुरू न होण्याची कारणं थोडी असतात. ब्रेक दाबलेला नसेल, पाती जोडलेली राहिली असतील किंवा सीटवर माणूस बसल्याचं खालच्या स्विचला कळलं नसेल, तर ते मुद्दामच सुरू होत नाही. पण मग टक असा आवाजही येत नाही. आवाज येतो म्हणजे किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंत सगळं ठीक. सोलेनॉइड म्हणजे बॅटरीचा मोठा प्रवाह स्टार्टरच्या मोटरकडे सोडणारा डबीएवढा स्विच. मग उरतं बॅटरी, सोलेनॉइड, मोटर आणि मधल्या जाड वायरी. हे मला तोंडपाठ होतं.

त्याच दिवशी लाल माती घेऊन टेम्पो आला. टेम्पोवाल्याने आपल्या बॅटरीच्या दोन केबल म्हातारीला लावल्या, लाल बॅटरीला आणि काळी इंजिनच्या लोखंडाला, आणि म्हातारी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी पंपघरात होतो, इंजिनचा आवाज ऐकून बाहेर आलो. टेम्पोच्या बॅटरीवर चालली म्हणजे आपली बॅटरी गेली, असं मी तिथेच सांगून टाकलं. काकांनी त्या दिवशी अर्धं मैदान कापून घेतलं आणि इंजिन बंद केलं. ते परत सुरू झालं नाही.

नवी बॅटरी आली. टक. मग मी सोलेनॉइड बदलला. टक. मैदानावर झाडांचं बघणाऱ्या मावशी पाण्याचा पाइप हातात धरून हे सगळं बघत होत्या. त्या बोलायला तिखट.

“साहेब, बॅटरी बदलली, डबी बदलली,” त्या म्हणाल्या. “आता सीट बदला. मग सीटवरचा माणूस बदला.”

काका हसले. ते हसणं पूर्ण नव्हतं, हे मला नंतर आठवलं.

संस्थेचे मानद सचिव बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. घाटकोपरला राहत आणि दर बुधवारी मैदानावर येत. त्यांच्याकडे एका कंत्राटदाराचा प्रस्ताव पडून होता. स्वतःचं यंत्र आणि स्वतःची माणसं आणून तो आठवड्यातून दोनदा गवत कापून देणार होता. त्या बुधवारी सचिवांनी मला विचारलं, ही गाडी दुरुस्त होणार की नाही, एक काय ते लिहून द्या, शनिवारी समितीपुढे ठेवतो. तुम्ही शिकलेले आहात, तुमचा शब्द चालेल, असंही म्हणाले.

त्या शेवटच्या वाक्याचं मला बरं वाटलं, हे लिहायला हवं. आमच्या घरातल्या कुणाचा लेखी शब्द कुठल्या समितीपुढे गेला नव्हता. मी टेबलाशी बसून लिहिलं की बॅटरी आणि सोलेनॉइड नवे घालूनही यंत्र सुरू होत नाही, त्याअर्थी स्टार्टरची मोटर जळाली आहे. या जुन्या मॉडेलची मोटर मिळत नाही. यंत्र निकालात काढणं योग्य. खाली सही केली, सहीखाली पदवी लिहिली.

संध्याकाळी मी हात धूत असताना काका नळापाशी आले. कागद गेला का, असं विचारलं. मी गेला म्हणालो. ते थोडा वेळ टॉवेल झटकत उभे राहिले.

“साहेब, त्या दिवशी टेम्पोवर फिरली ना ती? मेलेली मोटर फिरता काय?”

मी म्हणालो, तेव्हा शेवटचं फिरली असेल, जुनी वस्तू कधीही जाते. काका निघाले. जाताना पाठमोरे असतानाच, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे, म्हणाले, “पूजा केलंय मी तिची. मोडूक नाय केलंय.”

कांजूरला घरी येईपर्यंत मला माझं उत्तर पटेनासं झालं. शेवटचं फिरली असेल, हे वाक्य मी कुठल्या मोजमापावरून बोललो होतो? मोटर टेम्पोच्या बॅटरीवर पहिल्या झटक्यात फिरली होती. आमच्या नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर फिरत नव्हती. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच बारा व्होल्टच्या. मग टेम्पोवाल्याने वेगळं काय केलं होतं? मी चार दिवस सुटे भाग बदलत होतो. मीटर एकदाही बाहेर काढला नव्हता. जेवताना बायकोने विचारलं, काय झालं. मी सांगितलं, वहीत उत्तर आधी लिहून ठेवलंय. तिला ते कळलं नाही आणि मी पुढे सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी मी लवकर गेलो. काका आलेले होते, फावडी पुसत होते. मी त्यांना म्हातारीवर बसायला सांगितलं.

“कशाला? कागद गेला ना,” ते म्हणाले. पण बसले.

मी मीटरची दोन टोकं बॅटरीच्या दोन खांबांवर धरली आणि किल्ली फिरवायला सांगितली. टक. स्टार्टर प्रवाह ओढू लागला की बॅटरीचं व्होल्टेज खाली यायला हवं. ते जवळजवळ हललंच नाही. म्हणजे बॅटरी द्यायला तयार होती, पण कुणी घेत नव्हतं. मग मी काळं टोक बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवलं आणि लाल टोक इंजिनच्या लोखंडावर. या दोन जागा म्हणजे विजेच्या दृष्टीने एकच जागा. ऋण खांबाची जाड वायर गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते, आणि सांगाड्यावर इंजिन. तिथे मीटरवर शून्याच्या आसपास आकडा यायला पाहिजे. मी काकांना पुन्हा किल्ली फिरवायला सांगितली. आकडा नऊच्या वर गेला.

बारातले नऊ व्होल्ट त्या एका वायरीतच अडकत होते. मोटर, सोलेनॉइड, बॅटरी, कुणाचाच दोष नव्हता. बॅटरीकडे परत जायची वाट बंद होती. टेम्पोवाल्याची काळी केबल थेट इंजिनच्या लोखंडाला लागली होती, म्हणून त्याला या वाटेची गरजच पडली नाही. उत्तर त्या दिवशीच सगळ्यांच्या समोर आलं होतं, काकांनी ते मला सांगितलंही होतं.

मी पाना घेऊन सांगाड्यावरचा अर्थिंगचा बोल्ट काढला. वायरीच्या टोकाची गोल चकती उचलली. तिच्याखाली हिरवा रंग होता, गुळगुळीत, वाळलेला, सगळीकडे सारखा. चकतीच्या काठाचा एक बारीक ओरखडा तेवढा होता. पहिले एकदोन दिवस ती त्या ओरखड्यावर आणि बोल्टच्या आट्यांवर कशीबशी चालली असणार.

“इथे बोल्ट काढून रंग दिलात का?” मी विचारलं.

“ब्रश खाली जाईना,” काका म्हणाले. “बोल्टावरून फासलं की घाण दिसतं. काढला, नीट दोन हात मारले, वाळू दिलं, मग बसवला.”

दुसऱ्या कुणी उरकायचं म्हणून रंगवलं असतं तर बोल्टवरूनच ब्रश फिरवला असता आणि म्हातारी रोज सुरू झाली असती. ती बंद पडली काकांच्या नीटपणामुळे. हे त्यांना कसं सांगायचं, यावर मी थोडा थांबलो. जो माणूस पूजेला हजर नसतो, त्याने पूजेच्या तयारीने यंत्र बिघडलं असं म्हणायचं, हे मला जड वाटत होतं. आमच्यात पेढ्याच्या पुडीने जे न बोलता चाललं होतं, ते एका वाक्याने बिघडलं असतं.

मी फक्त चकती त्यांच्यापुढे धरली आणि रंगावर बोट ठेवलं. रंगातून वीज जात नाही, एवढं म्हणालो.

काकांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला.

“म्हणजे मीच केलं.”

“तुम्ही रंग दिला,” मी म्हणालो. “जोड मोजायचं काम माझं होतं. मी मोजलं नाही.”

काकांनी शेडमधून काचकागद आणला आणि मला बाजूला व्हायला सांगितलं. रुपयाएवढी जागा त्यांनी घासून काढली, मग चकतीच्या दोन्ही बाजू घासल्या. मी नको म्हणालो तरी बोल्टही घासला. लोखंड पांढरं दिसू लागलं. बोल्ट आवळून ते सीटवर बसले, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. म्हातारी सुरू झाली. मावशींनी लांबून पाइप वर करून पाणी उडवलं, ती त्यांची टाळी. काकांनी इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, असं चार वेळा. मग ते खाली उतरले आणि मी ज्याची वाट बघत होतो ते विचारलं.

“आता कागदाचं काय?”

सचिव पुढच्या बुधवारपर्यंत मैदानावर येणार नव्हते आणि समिती शनिवारी होती. दुपारी मी घाटकोपरला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं, माझं म्हणणं ऐकलं आणि फाइलमधून माझा कागद काढून समोर ठेवला.

“मग काल हे लिहिलंत ते काय होतं?”

“न मोजता लिहिलेलं होतं.”

“सहीखाली पदवी आहे तुमची.”

मी हो म्हणालो. त्यांनी विचारलं, रंग कुणी दिला. मी म्हणालो, पूजेसाठी चालकाने दिला आणि चांगला दिला. उघडलेला जोड तपासल्याशिवाय यंत्र वापरात सोडणं ही माझी चूक. तसं लेखी देतो. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी तिथेच लिहिलं की आधीचा अहवाल मोजमाप न करता दिला होता, तो मागे घेतो. दोष अर्थिंगच्या जोडात होता, तो काढला आहे, यंत्र चालू आहे. सही केली. पदवी या वेळी लिहिली नाही. सचिवांनी ते वाचून, चष्म्यावरून बघत, पदवी लिहा म्हणून सांगितलं. मी लिहिली.

शनिवारी समितीने कंत्राटदाराचा प्रस्ताव पुढच्या वर्षापर्यंत बाजूला ठेवला. फेटाळला नाही. काकांचा करार वर्षभराने वाढवला. माझ्या नावापुढे एक शेरा आला, तो रास्त होता.

रविवारी मी मामांना पत्र लिहिलं. त्यांना आता कमी ऐकू येतं, फोनवर बोलणं होत नाही. सुनेने वाचून दाखवायची वेळ येऊ नये म्हणून अक्षर मोठं काढलं. त्याची एक प्रत माझ्याकडे आहे, ती इथे देतो.

‘आदरणीय मामा,

तुमच्या पायांना हात लावून सांगतो, आम्ही सगळे बरे आहोत. धाकटीची दहावी आहे. आईचा गुडघा दुखतो, बाकी ठीक.

हे पत्र एका चुकीबद्दल आहे. नववीत मी काटा न हलता हलला असं लिहिलं होतं आणि तुम्ही मला तार खरवडायला लावली होती. तुम्हाला ते आठवत नसेल. या आठवड्यात मी पुन्हा तसंच लिहिलं. या वेळी वहीत नाही, समितीपुढे. एका माणसाची जागा त्या कागदावर अवलंबून होती. त्यानेच मला बरोबर गोष्ट सांगितली होती, पण तो शिकलेला नाही म्हणून मी ऐकली नाही. तुम्हीही सातवीच शिकलात, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

जोडाखाली रंग होता, मामा. नवा, छान लावलेला. लाखेसारखाच, वरून काही कळत नव्हतं. त्या माणसाने तो स्वतः घासला. मला हात लावू दिला नाही. तुम्ही मला माझी तार माझ्याच हाताने घासायला लावली होतीत, तसंच आपलं आपणच घासावं असं त्यालाही वाटलं असेल.

मी खोटं वाक्य लिहिलंय हे तुम्ही सरांना सांगितलं नव्हतंत. ते का, हे मला या वेळी समजलं असं वाटतं, पण नक्की नाही. मी त्या माणसाबद्दल सचिवांना जे खरं होतं ते सांगितलं आणि चूक माझी होती तेवढी माझी म्हणून सांगितली. हे बरोबर केलं का, ते कळवा. सुनेला दोन ओळी लिहायला सांगितल्या तरी चालतील.

तो माणूस म्हणजे आमचे काका. ते कामावर आहेत. काल त्यांनी पूर्ण मैदान कापलं.

तुमचा.’